हाडावरची जखम नेमकी कधीची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीचा गाळ काढताना, उसाच्या फडात, घराचा पाया खणताना किंवा घाटातल्या दरीत सांगाडा सापडतो. कवटीला भेग असते, दोन बरगड्या तुटलेल्या असतात, आणि पोलिसांपासून नातेवाइकांपर्यंत सगळे एकच विचारतात: मारले का? त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे हाड मोडले कधी. हे पान त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. न्यायवैद्यकाचे विद्यार्थी, वकील, तपास अधिकारी, पुरातत्त्वाची आवड असलेले वाचक आणि कधी घरची माणसे जे विचारतात, त्यांतले महत्त्वाचे प्रश्न इथे घेतले आहेत.

सांगाड्यावरून मृत्यूचे कारण सांगता येते का?

फार कमी वेळा. विषप्रयोग, बुडणे, हृदयविकाराचा झटका, पोटात खुपसलेला पण हाडाला न लागलेला चाकू, यांतल्या कशानेही हाड मोडत नाही. सांगाडा शाबूत आहे म्हणजे मृत्यू नैसर्गिक होता असे म्हणता येत नाही, आणि कवटीला तडा आहे म्हणजे खून झाला असेही नाही. हाडांचा अभ्यास करणारा मानवशास्त्रज्ञ हाडाला काय झाले ते सांगतो: मार कोणत्या प्रकारचा, कुठल्या बाजूने आला, निदान किती वेळा बसला, आणि त्या वेळी हाड कोणत्या स्थितीत होते. मृत्यूचे कारण लिहिण्याची जबाबदारी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची. या दोन कामांची सरमिसळ झाली की अहवाल कोर्टात टिकत नाही.

जखमेची वेळ किती गटांत मोडते?

तीन. मृत्यूपूर्वीची, म्हणजे जखमेनंतर माणूस काही काळ जगला. मृत्यूच्या आसपासची, म्हणजे पेरीमॉर्टेम. आणि मृत्यूनंतरची, म्हणजे सांगाडा सुकल्यावर झालेली मोडतोड. पहिला आणि तिसरा गट ओळखायला शिकता येतो. मधला गटच खरा अवघड आहे, आणि खटले बहुतेक त्याच्यावरच लढवले जातात.

जखम मृत्यूच्या आधीची आहे हे कशावरून ठरते?

भरून येण्याच्या खुणांवरून. हाड मोडले की काही तासांत तिथे रक्ताची गुठळी होते. मग ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी मोडलेल्या कडेचे मेलेले हाड खाऊ लागतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत कडेची धार जाते, ती किंचित गोलसर होते आणि भिंगाखाली बारीक छिद्रे दिसू लागतात. आसपास, पृष्ठभागावर, नवीन हाडाचा खरखरीत, जाळीदार थर येतो. दोनतीन आठवड्यांत मऊ कॅलस, म्हणजे मोडलेली टोके जोडणारा थर, तयार होतो आणि पुढच्या एकदोन महिन्यांत तो कठीण होतो. त्यानंतर हाड आपला मूळ आकार परत मिळवू पाहते, आणि हे काम काही वर्षे चालते. लहान मुलाचे हाड लवकर सांधते, म्हाताऱ्या माणसाचे रेंगाळते. कुपोषण आणि मधुमेह असेल तर आणखी उशीर. कवटीचे हाड भरून येताना हातापायांच्या हाडांसारखा मोठा कॅलस होत नाही, म्हणून तिथल्या खुणा शोधायला जास्त बारकाईने पाहावे लागते.

म्हणूनच "ही जखम मृत्यूच्या बावीस दिवस आधीची" असे वाक्य ज्या अहवालात असेल तो मी संशयानेच वाचतो. आठवडे, महिने, वर्षे एवढ्या मापाने बोलता येते.

दातांचा हिशोब वेगळा. दाताचे इनॅमल कधीच भरून येत नाही, त्यामुळे तुटलेल्या दातावरून काळ सांगणे कठीण. पण दात पडला असेल तर त्याची हिरडीखालची खाच बोलते. ती हाडाने भरत आली असेल तर दात माणूस जिवंत असताना गेला. खाचेच्या कडा तीक्ष्ण आणि तळ मोकळा असेल, तर तो मृत्यूच्या वेळी किंवा नंतर निखळला.

भरून येण्याची एकही खूण नाही. मग जखम मृत्यूच्या वेळचीच ना?

नाही. माझ्या मते या पानावरचे सगळ्यांत महत्त्वाचे उत्तर हे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

हाड दोन गोष्टींचे बनलेले असते. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे खनिज त्याला कडकपणा देते, आणि कोलॅजन हे प्रथिन लवचीकपणा. त्यात पाणीही असते. जिवंत किंवा ताजे हाड भार आला की आधी थोडे वाकते, ताणते आणि मग मोडते. वर्षभर उन्हात पडलेल्या हाडातले पाणी गेलेले असते, कोलॅजन विरत चाललेले असते, म्हणून ते वाकत नाही, फुटते. ओला बांबू चिरला तरी तंतू धरून राहतो आणि वाळलेला कडकन तुटतो, तसाच हा फरक आहे.

ताज्या हाडाच्या फ्रॅक्चरची कड गुळगुळीत असते. हाडाच्या पृष्ठभागाशी ती तिरका कोन करते, आणि लांब हाडात रेषा बऱ्याचदा वळत किंवा पिळत जाते. कधी तुटलेला तुकडा अजून एका कडेने चिकटलेला असतो, किंवा कवटीचा भाग आत दबून तसाच राहिलेला असतो. तुटलेल्या कडेचा रंग बाकी हाडासारखाच असतो, कारण दोघांवर एकाच वेळी मातीचे डाग चढले. सुकलेल्या हाडाची कड खडबडीत असते, पृष्ठभागाशी काटकोन करते, रेषा आडवी किंवा पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा उजळ दिसतो.

या सगळ्या खुणा आपल्याला एवढेच सांगतात की मोडताना हाड ओले होते की कोरडे. माणूस जिवंत होता की मेलेला, हे त्या सांगत नाहीत. मृत्यूच्या क्षणी हाड सुकत नाही. 2008 साली डुकरांच्या लांब हाडांवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाडे ठरावीक अंतराने मोडून पाहिली गेली. साडेचार महिन्यांहून जास्त काळ लोटल्यावरही काही हाडे ताज्या हाडासारख्या खुणा दाखवत होती, काहींत दोन्ही प्रकारच्या खुणा एकत्र होत्या. गाळात किंवा पाण्यात हाड आणखी जास्त काळ ओलसर राहू शकते, मे महिन्यातल्या विदर्भातल्या उघड्या माळावर लवकर सुकेल.

उलट बाजूही आहे. मार बसल्यावर माणूस चार दिवस अतिदक्षता विभागात जगला, तर त्याच्या कोरड्या हाडावर भरून येण्याची काहीच खूण डोळ्याला दिसणार नाही. मऊ कॅलस तर हाडे साफ करताना निघून जातो. असा घाव पेरीमॉर्टेम गटात जाईल, जरी तो माणूस त्यानंतर चार दिवस श्वास घेत होता.

डॉक्टर आणि मानवशास्त्रज्ञ दोघेही पेरीमॉर्टेम म्हणतात. दोघांचा अर्थ एकच असतो का?

नसतो. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांसमोर मऊ ऊती असतात. जखमेभोवती रक्त साकळले आहे का, सूज आली आहे का, हे पाहून ते मृत्यूच्या आधीचे तास, मिनिटे याबद्दल बोलू शकतात. त्यांचा पेरीमॉर्टेम अगदी अरुंद. मानवशास्त्रज्ञाचा पेरीमॉर्टेम हाडाच्या ओलेपणावर ठरतो, आणि तो मृत्यूच्या काही दिवस आधीपासून नंतरच्या काही महिन्यांपर्यंत पसरू शकतो. दोन अहवालांत हा शब्द वाचून वकिलाने दोन्हीकडे तोच कालावधी धरला, तर आरोपीवर किंवा मृतावर अन्याय होतो.

स्रेब्रेनित्साचे उदाहरण पाहा. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या या गावाभोवती सुमारे 8,000 बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले आणि सामूहिक खड्ड्यांत पुरले गेले. पुढच्या दोनतीन महिन्यांत पुरावा लपवण्यासाठी तेच खड्डे अवजड यंत्रांनी उकरून प्रेते दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकण्यात आली. एकाच माणसाची हाडे दोनतीन वेगवेगळ्या खड्ड्यांतून निघाली. यंत्राच्या दात्यांखाली मोडलेली ती हाडे अजून ओली होती. नुसत्या कडा पाहिल्या तर ती मोडतोड आणि मारहाणीचे फ्रॅक्चर यांत फरक करणे कठीण. तिथे खड्डा कसा खणला, माती कुठून आली, हाडे कोणत्या क्रमाने पडली आहेत, हे सगळे जखमेच्या वाचनात धरावे लागले.

कोल्हे, कुत्री, उंदीर, झाडांची मुळे यांच्या खुणा शस्त्राच्या वाटू शकतात का?

वाटतात, आणि अनुभवी माणसालाही चकवतात. कुत्रे आणि कोल्हे लांब हाडांची टोके आधी खातात, कारण तिथे मऊ, चरबीदार भाग असतो. मधला दांडा उरतो, टोकाला खळगे आणि ओरखडे. उंदीर, घूस आणि साळिंदर दोन पुढच्या दातांनी कुरतडतात, म्हणून त्यांच्या खुणा शेजारीशेजारी समांतर चरांच्या जोड्या असतात. मुळे हाडावर नागमोडी नक्षी कोरतात. टिकाव, कुदळ किंवा जेसीबीचा दाता लागला की कडेचा रंग पांढरट दिसतो, आणि तेवढ्यावरून बऱ्याच वेळा सुटका होते.

मातीचाही विचार हवा. दख्खनच्या काळ्या मातीत चुना जास्त, त्यामुळे हाड रासायनिकदृष्ट्या चांगले टिकते. पण हीच माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या दाबाने हाडे तडकतात. कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत हाडच विरघळून जाते. नाशिकच्या आणि रत्नागिरीच्या सांगाड्याला एकच मोजपट्टी लावू नये.

दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेत एका आदिमानवाच्या कवटीला दोन भोके सापडली. आधी हिंसेची कल्पना पुढे आली होती. जीवाश्म-अभ्यासक सी. के. ब्रेन यांनी दाखवून दिले की त्या भोकांमधले अंतर बिबट्याच्या सुळ्यांशी जुळते. हत्यार शोधण्याआधी जनावराचा जबडा पाहावा, हा धडा तिथून आला.

काठीचा मार, कोयत्याचा घाव आणि गोळी यांच्या खुणा वेगळ्या कशा?

बोथट मार हळू येतो आणि रुंद जागेवर पसरतो. कवटी आत वाकते, मारल्याजागी हाड दबते, आणि तिथून चहूकडे भेगा पळतात, कधी भोवती वर्तुळाकार भेगाही पडतात. लांब हाडात काटकोनात मार बसला तर त्रिकोणी पाचर सुटू शकते. हाड दाब चांगला सहन करते, ताण कमी, म्हणून ते मार बसलेल्या बाजूच्या समोरच्या बाजूने आधी फाटते आणि पाचरीची रुंद बाजू बऱ्याचदा माराच्या बाजूला राहते. रस्त्यावरच्या अपघातात नडगीचे असे फ्रॅक्चर पाहून गाडी कुठून आली याचा अंदाज बांधतात. अंदाज म्हणतो, कारण उलटी उदाहरणेही भेटतात.

चाकूने अरुंद, सरळ खाच पडते. करवतीच्या खाचेत दात्यांचे समांतर ओरखडे असतात. कोयता किंवा कुऱ्हाड यांचा घाव या दोघांच्या मधला. एक कड गुळगुळीत कापलेली, दुसरी कड पात्याच्या वजनाने मोडलेली. महाराष्ट्रातल्या तपासात कोयता वारंवार येतो, तेव्हा "धारदार शस्त्र" एवढ्यावर न थांबता ही दुहेरी खूण नोंदवायला हवी.

गोळी कवटीत शिरताना आतल्या बाजूला मोठे भोक करते, बाहेर पडताना बाहेरच्या बाजूला. ही उतरती कड पाहून प्रवेश आणि निर्गमन ओळखतात. गोळी तिरकी लागून हाडाला घसटत गेली तर चावीच्या भोकासारखा आकार होतो, ज्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात. छातीच्या मधल्या हाडातले गोल भोक मात्र गोळीचे समजू नका. काही लोकांना ते जन्मतःच असते, त्याच्या कडा गुळगुळीत, आतपर्यंत हाडाचा पक्का थर असलेल्या असतात. सांगाडा शिकताना ते एकदा हातात घेऊन पाहिले तर पुढे चूक होत नाही.

कवटीवर अनेक घाव असतील तर पहिला कोणता हे कळते का?

भेगा एकमेकींना भेटत असतील तर कळते. पहिल्या घावाची भेग मोकळी पळते. दुसऱ्या घावाची भेग पहिल्या भेगेपर्यंत येऊन थांबते, कारण तिथे हाड आधीच सुटलेले असते. जर्मन डॉक्टर गेऑर्ग प्युपे यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. भेगा भेटल्याच नाहीत तर क्रम लावता येत नाही, आणि तसे लिहावे.

रिचर्ड तिसऱ्याचा सांगाडा इतका प्रसिद्ध का?

कारण एवढ्या जखमा, एवढ्या चांगल्या स्थितीत, एवढ्या बारकाईने तपासलेले शरीर क्वचित मिळते. इंग्लंडचा हा राजा 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. लेस्टर शहरात त्याला एका मठात पुरले. मठ गेला, त्यावर बांधकामे झाली, आणि 2012 मध्ये लेस्टर विद्यापीठाच्या पथकाला एका वाहनतळाखाली तो सापडला. 2014 मध्ये जखमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या आसपासच्या अकरा जखमा होत्या, त्यांतल्या नऊ कवटी आणि चेहऱ्यावर, एक बरगडीवर, एक कटीच्या हाडावर. एकही भरून आलेली नव्हती.

यातली तर्काची साखळी मला शिकवताना फार उपयोगी वाटते. कवटीच्या तळाशी, मागच्या बाजूला, दोन मोठे घाव होते, आणि दोन्हीपैकी कोणताही जीव घेऊ शकला असता. माथ्यावरचे हाड तासल्यासारखे उडाले होते, म्हणजे डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. हातांवर बचावाच्या जखमा नव्हत्या, म्हणजे अंगावरचे चिलखत तोवर शाबूत असावे. मग कटीच्या हाडाला मागून, नितंबातून पाते कसे लागले? चिलखत असताना तिथे पोचणे जवळजवळ अशक्य. चिलखत काढल्यावर, म्हणजे बहुधा मृत्यूनंतर, प्रेताची विटंबना करताना. त्या काळच्या बखरींत त्याचे उघडे प्रेत घोड्यावर आडवे टाकून नेल्याचे वर्णन आहे, त्याच्याशी हे जुळते.

इथे लक्ष द्या. कटीच्या जखमेची कड आणि कवटीच्या जखमेची कड दोन्ही तितक्याच ताज्या. हाडाने दोघींना एकाच गटात टाकले. "मृत्यूनंतर" हा शब्द चिलखताच्या विचारातून आणि लेखी साधनांतून आला, आणि अभ्यासकांनी तो तसाच, शक्यता म्हणून, मांडला. कवटीवरच्या घावांचा क्रमही ठरवता आला नाही, कारण ते एकमेकांवर आलेले नव्हते. आणि राजाची पावले नव्हती, तीही शस्त्राने तोडलेली नसून नंतरच्या बांधकामात गेलेली.

आपल्याकडे अशी उदाहरणे आहेत का?

पावलांचीच गोष्ट आधी. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उत्खनित केली. साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना खड्ड्यात आडवे ठेवत, आणि त्यांची पावले घोट्याच्या वर तोडलेली असत.

इथे पावले नाहीत, लेस्टरलाही नाहीत. पण इनामगावला बाकीचा सांगाडा जागच्या जागी होता, तोडण्याची जागा दफनादफनांत सारखीच, आणि भरून येण्याची खूण नाही. योगायोगाने झालेल्या मोडतोडीत असा सारखेपणा येत नाही. म्हणून पुरण्याआधी, रीत म्हणून पावले तोडली असे मानतात. मेलेला परत चालत येऊ नये अशी भावना त्यामागे असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवून पुरलेल्या एका पुरुषाची पावले मात्र शाबूत होती, आणि तो गावातला मानाचा माणूस असावा असे समजतात. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी आणि केनेथ केनेडी, जॉन लुकाक्स या अमेरिकन मानवशास्त्रज्ञांनी दख्खनमधल्या या काळातल्या सांगाड्यांवर बरेच काम केले आहे. हाडांत रस असलेल्या मराठी वाचकाने त्या कामापासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते.

दुसरे उदाहरण मोहेंजोदडोचे, आणि ते वेळ चुकीची वाचल्यास काय होते याचे आहे. तिथल्या वरच्या थरांत, गल्ल्यांत आणि खोल्यांत सुमारे 37 सांगाडे अस्ताव्यस्त सापडले. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी 1940 च्या दशकात त्यांना आर्यांनी केलेल्या कत्तलीचे बळी ठरवले. पाठ्यपुस्तकांत ही कत्तल अनेक वर्षे छापली गेली. 1964 मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी थर तपासून दाखवले की हे सांगाडे एकाच प्रसंगाचे नाहीत, वेगवेगळ्या काळांतले आहेत. पुढे केनेडी यांनी हाडे पुन्हा पाहिली, तेव्हा घाव म्हणून सांगितलेल्या बहुतेक खुणा जमिनीत झालेल्या झिजेच्या निघाल्या. मृत्यूनंतरच्या झिजेला मृत्यूच्या वेळचा घाव समजल्यामुळे एका अख्ख्या समाजावर कत्तलीचा आरोप झाला आणि तो दोन पिढ्या टिकला.

चितेत कवटी आपोआप फुटते का? जळालेल्या हाडावर मारहाणीच्या खुणा राहतात का?

वाफेने कवटी बॉम्बसारखी फुटते ही समजूत खूप पसरलेली आहे, काही जुन्या पुस्तकांतही होती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे फुटणे आढळले नाही. जळून ठिसूळ झालेली कवटी पडणाऱ्या लाकडांनी, विझवण्याच्या पाण्याने आणि उचलताना मोडते. आपल्याकडे कपालक्रियेत बांबूने कवटी मुद्दाम फोडतात, त्यामुळे चितेतून आलेल्या कवटीच्या बाबतीत विधी कोणी, कधी केला, हे विचारून घ्यावेच लागते.

उष्णतेने हाड आधी तपकिरी, मग काळे, मग निळसर करडे आणि शेवटी पांढरे होते. मांसासह जळालेल्या लांब हाडांवर चंद्रकोरीसारख्या भेगा पडतात. आधीपासून असलेल्या फ्रॅक्चरच्या कडा जळालेल्या असतात आणि त्यांचा रंग आसपासच्या हाडाशी जुळतो. चाकूची खाच तर पांढऱ्या झालेल्या हाडावरही कधीकधी वाचता येते. जाळले म्हणजे पुरावा संपला असे तपासात कोणी गृहीत धरू नये.

गळा दाबला तर कंठातले हाड मोडतेच का?

नाही. कंठिकास्थी गळा दाबलेल्या सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत मोडते, बाकीच्यांत नाही. तरुण वयात तिचे भाग अजून जुळलेले नसतात, ती लवते, आणि सुटे भाग पाहून काही वेळा फ्रॅक्चर समजले जाते. शिवाय ती इतकी लहान आहे की घटनास्थळी मातीतच राहून जाते. माती चाळणीने चाळा.

लहान मुलांच्या बाबतीत वेळेला इतके महत्त्व का?

कारण तिथे वेळ हाच पुरावा असतो. एक फ्रॅक्चर अपघाताने होऊ शकते. पण एकाच बाळाच्या अंगावर एक ताजे, एक तीन आठवड्यांचे आणि एक जवळजवळ भरून आलेले अशी फ्रॅक्चर असतील, तर पाळण्यातून पडल्याची एकच कहाणी त्यांना पुरत नाही. 1946 मध्ये जॉन कॅफी या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांच्या क्ष-किरण चित्रांकडे पहिल्यांदा लक्ष वेधले. पाठीच्या कण्याजवळ मोडलेल्या बरगड्या विशेष काळजीच्या, कारण बाळाला छातीभोवती धरून जोराने दाबल्यावर त्या तिथे मोडतात. मूल जिवंत असताना कोणी हे वेळेत वाचले तर ते वाचू शकते. हाडाच्या वेळेचा हा सगळा अभ्यास मला या एका कारणासाठीसुद्धा पुरेसा वाटतो.

भारतात हे काम कोण करते आणि कोर्टात त्याची किंमत काय?

बहुतेक ठिकाणी पोलीस पंचनामा करून हाडे वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे पाठवतात. गरज पडल्यास शरीररचनाशास्त्र विभागाचे मत घेतात, आणि डीएनएसाठी नमुना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. हाडांचा खास अभ्यास केलेला मानवशास्त्रज्ञ प्रत्येक जिल्ह्यात नसतो, आणि तो असायला हवा.

तज्ज्ञाचे मत आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 39 खाली येते. ते मत असते, कोर्टावर बंधनकारक नसते. म्हणून निष्कर्षापेक्षा त्यामागची निरीक्षणे नीट लिहिलेली असणे जास्त मोलाचे. जिवंत माणसांच्या खटल्यांतही जखमेचे वय लागते. हाड मोडणे किंवा निखळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार गंभीर दुखापत ठरते, त्यामुळे फ्रॅक्चर भांडणाच्या दिवसाचे की सहा महिन्यांपूर्वीचे, यावर आरोपाचे कलम बदलू शकते.

सांगाडा सापडला तर आम्ही काय करावे?

हात लावू नका, काम थांबवा, पोलिसांना कळवा. जेसीबी तिथून हलवा, पण त्याचा नंबर आणि दाता कुठे लागला ते लक्षात ठेवा, नंतर विचारले जाईल. पोलिसांसाठी आणखी थोडे. हाडे उचलण्याआधी मोजपट्टीसह फोटो काढा. ओली हाडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, बुरशी येते. कागदी पिशवी किंवा पुठ्ठ्याचा खोका वापरा. ब्रशने घासू नका, ब्लीच तर मुळीच नको, कारण कडेचा रंग हाच आपला पुरावा आहे. तुटलेले बारीक तुकडे कचरा समजून टाकू नका. प्रयोगशाळेत ते जोडूनच कवटीवरच्या भेगांचा क्रम लागतो.

अहवालात शेवटी काय लिहावे? साहेब म्हणतात, नक्की सांगा.

जे दिसले ते आधी, त्याचा अर्थ नंतर. उदाहरणार्थ: "उजव्या पार्श्विकास्थीवर (कवटीच्या बाजूच्या हाडावर) एक दबलेले फ्रॅक्चर. कडा गुळगुळीत, तिरक्या, रंग आसपासच्या हाडासारखा. भरून येण्याच्या खुणा डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली आढळल्या नाहीत. हे फ्रॅक्चर हाड ताजे असताना झाले. माणूस त्या वेळी जिवंत होता किंवा नाही, हे केवळ हाडावरून सांगता येत नाही." शेवटचे वाक्य वाचून तपास अधिकारी नाराज होतात. ते वाक्य खोडू नका. त्याच्या पुढे, वेगळ्या परिच्छेदात, घटनास्थळ, कपडे, मातीची ओल आणि शवविच्छेदनाचे निष्कर्ष यांच्याशी हे निरीक्षण कसे जुळते ते लिहा, आणि त्यातला कोणता भाग हाडातून आला आणि कोणता इतर पुराव्यातून, हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसू द्या.